तिसावा दिवस

वडील गेल्यावर दोघा भावांनी वाटण्या केल्या, त्यात आईचीही वाटणी झाली. एक महिना ती दादाकडे जेवणार, एक महिना धाकटा भाऊ चोंगली याच्याकडे. दादाचं घर नदीच्या पश्चिमेला, चोंगलीचं पूर्वेला, मधे दगडी पूल. महिना संपला की आई आपलं बुटकं स्टूल, वाडगा आणि अंथरुणाची वळकटी घेऊन पूल ओलांडायची. माझं सासर पुलाच्या पश्चिम टोकालाच, पण माझ्याकडे तिची पाळी नव्हती. लग्न झालेली लेक म्हणजे सांडलेलं पाणी. दोन मुलगे जिवंत असताना आई लेकीकडे जेवली, तर मुलग्यांनी गावात तोंड दाखवायचं कसं? हा नियम मी केलेला नाही आणि मला तो कधी आवडलाही नाही.

भांडण व्हायचं ते एका दिवसावरून. आमच्या जुन्या पंचांगात महिना कधी एकोणतीस दिवसांचा, कधी तीस. तिसावा दिवस ज्याच्या वाट्याला येई, तो पुढे सहा महिने ऐकवायचा. आईच्या दोन वाडगे भातानं कोणाचं घर बुडत नव्हतं. पण वडिलांनी चोंगलीला डोक्यावर बसवून ठेवलं असं दादाला वाटायचं, आणि थोरलेपणाच्या नावाखाली दादा सगळं गिळतो असं चोंगलीला. हे तोंडावर बोलायची सोय नव्हती, म्हणून दोघं तिसाव्या दिवसावर तुटून पडायचे. पंचांग उघडलं की मात्र मुकाट बसायचे.

मग पंचांगंच जळाली. सहासष्ट साली सांस्कृतिक क्रांतीत जुनं ते सगळं मोडायचा हुकूम आला आणि दादानं चौकातल्या आगीत आपलं पंचांग सगळ्यात आधी टाकलं. त्याला गिरणीतल्या गटात वर चढायचं होतं. नव्या कॅलेंडरात फक्त नव्या तारखा. माझ्याकडचं पंचांग मी जाळलं नाही, पण त्यात शौर्य काही नव्हतं. पुढच्या वर्षाचं छापील पंचांग नवऱ्यानं आधीच आणलं होतं, ते मी लोणच्याच्या बरणीखाली सारलं होतं, कारण बरणी डुगडुगत होती. नंतर ते सापडलं तर नवऱ्याच्या गळ्यात पाटी अडकवून गावभर फिरवतील हे कळल्यावर बरणीला हात लावायचीच भीती वाटायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात गावात दोन गट पडले. दोन्ही गट एकाच नेत्याची शपथ घेत आणि एकमेकांना गद्दार म्हणत. शस्त्रांच्या कोठारातल्या बंदुका दोघांनीही पळवल्या. गिरणीवाले पश्चिमेला, दादा त्यांच्यात. रेशीम कारखान्यातले पूर्वेला, चोंगली त्यांच्यात. मला विचाराल तर दादा इकडे होता म्हणून चोंगली तिकडे होता. पुलावरून गोळ्या जायला लागल्या. पाचवा महिना चालू होता आणि आई दादाकडे होती.

एकोणतिसावा दिवस संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं कर्ण्यावरून पलीकडे ओरडून सांगितलं, "ए, आमची आई येतेय! गोळीबार थांबवा!"

दोन्हीकडचा गोळीबार थांबला. आया सगळ्यांनाच होत्या. आई स्टूल, वाडगा, वळकटी घेऊन निघाली. ती पुलाच्या मध्यावर पोचली तोच पलीकडून चोंगलीचा कर्णा वाजला.

"दादा, आज तिसावा दिवस आहे! उद्या पाठव!"

"हा महिना एकोणतीसचा आहे!"

"कोणी सांगितलं? पंचांग तर तूच जाळलंस ना, क्रांतिवीरा?"

"पंचांग कशाला लागतं? बोटं आहेत मला!"

"मग मोजायला शीक की! आईला एक दिवस भात घालायला जीव जातो का तुझा?"

"तुझा जातोय बहुतेक! दारात आलेली आई परत पाठवतोस?"

सगळं गाव ऐकत होतं. दोन्ही बाजूंच्या वाळूच्या पोत्यांमागून हसण्याचे आवाज यायला लागले. आता दादानं आईला परत बोलावलं असतं तर तो हरला असता, आणि चोंगलीनं आत घेतलं असतं तर तो. दोघांच्याही मागे बंदूकवाले उभे होते, आणि त्या दिवसांत एवढ्याशा हारीवरूनही माणसावर फितुरीचा संशय घ्यायचे. आईनं दोन्हीकडे बघितलं, पुलाच्या बरोबर मधे स्टूल ठेवलं आणि त्यावर बसली.

मी दार लावून बरणी हलवली. पंचांगाला मिठाच्या पाण्याचे डाग पडले होते, पण पाचवा महिना वाचता येत होता. तीस दिवस. चोंगलीचं बरोबर होतं आणि दिवस दादाचा होता. हे बाहेर जाऊन सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, बाई, तुला कसं ठाऊक? मी पंचांग परत बरणीखाली ठेवलं. त्या क्षणी मला दोन्ही भावांचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कोणाचा आला नाही.

वाडग्यात पेज आणि वर मुळ्याचं लोणचं घेऊन मी पुलावर गेले. कोणी अडवलं नाही.

"कोणाच्या घरची?" आईनं विचारलं.

"माझ्या."

"मग ने परत. दोन मुलगे आहेत मला."

मी वाकून हळूच म्हणाले, "आई, महिना तीसचा आहे. मी बघितलंय. तू दादाकडे परत जा, मी त्याच्या कानात सांगते."

"ठाऊक आहे मला. सत्तर वर्षं महिने मोजतेय मी."

"मग उन्हात बसून काय मिळवतेस?"

"अगं, मी इथं आहे तोवर कोणी गोळी झाडत नाही," आई म्हणाली. "हा बघ थोरला. तो बघ धाकटा. दोघं एकदम नजरेसमोर कधी बसले होते शेवटचे? जा, पेज गार होतेय. नवऱ्याला दे."

मी पेज नवऱ्याला दिली.

दुपारी दादा पोत्यांमागून बाहेर आला. बंदूक ठेवून, हातात वाडगा घेऊन. आई उपाशी राहिली तर दोष आपल्यावर येईल, हे त्याला बरोबर सुचलं. ते पाहून पलीकडून चोंगलीही वाडगा घेऊन निघाला. दादाच्या भातावर खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तीन काप, सगळ्यांना दिसतील असे मांडलेले. चोंगलीच्या भातावर अख्खं अंडं. आईनं दोन्ही वाडग्यांत जेवायच्या काड्या घालून तळ उकरला.

"दोघांच्याही भाताखाली रताळंच आहे," ती म्हणाली. "बसा. माझं होईपर्यंत कोणी उठायचं नाही."

तोंडात चार दात असलेली बाई दोन वाडगे भात किती वेळ खाऊ शकते, ते मी खिडकीतून बघितलं. ऊन उतरेपर्यंत ती चावत होती. दोघं तिच्या दोन बाजूंना दगडावर बसून होते. एकदाच चोंगलीनं विडीची पुडी पुढे केली, दादानं मान फिरवली. मग ती पुडी चोंगलीनं खिशात ठेवली. उठताना तो म्हणाला, "उद्या मी न्यायला येतो, आई. उद्यापासून माझे दिवस."

आई दादाच्या मागून परत गेली. त्याला कोणी हसलं नाही. बहुतेक सगळे कंटाळले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चोंगली पुलाच्या मध्यापर्यंत येऊन तिला घेऊन गेला. दुपारी गोळीबार सुरू झाला. सहाव्या दिवशी चोंगली मेला. गोळी पश्चिमेकडून आली एवढंच माहीत आहे. दादानं त्या दिवशी बंदूक चालवली होती का, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. तिरडी पलीकडे उठली, त्याला जाता आलं नाही. आई चोंगलीच्या बायकोकडेच जेवत राहिली. गोळीबार थांबल्यावर, महिना संपायच्या आधीच, दादा पूल ओलांडून गेला आणि तिची वळकटी स्वतःच्या खांद्यावर घेऊन आला. पुढे सात वर्षं, ती जाईपर्यंत, त्यानं तिला पलीकडे पाठवलं नाही, आणि चोंगलीच्या बायकोच्या दारात दर महिन्याला तांदूळ ठेवून येत राहिला.

ऐंशी साली बाजारात जुनी पंचांगं परत विकायला आली. एका सकाळी दादा माझ्याकडे आला. काखेत शंभर वर्षांचं जाडजूड पंचांग.

"मला बारीक अक्षर दिसत नाही," तो म्हणाला. "सदुसष्ट साल काढ. पाचवा महिना."

मी पान काढलं. त्यातही तीसच होते. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. एवढा म्हातारा झालेला मी त्याला त्याआधी पाहिला नव्हता. त्याच्यावरचा माझा राग तेरा वर्षं टिकला होता, त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे.

"एकोणतीस," मी म्हणाले. "तूच बरोबर होतास, दादा."

त्याचा चेहरा पडला.

"नीट बघ गं," तो म्हणाला. "तीस असतील. तो म्हणाला होता तीस."

मी पुन्हा पानावर बोट ठेवलं, वाचत असल्यासारखं.

"हो. तीसच आहेत."

"मग ठीक आहे," दादा म्हणाला. पंचांग मिटून त्यानं काखेत घेतलं आणि पुलाकडे गेला.