रेश्माचा झगा

"काका, झगा आणलात ना?" सौमित्रनं विचारलं.

लालासाहेबांनी पिशवीतून फिकट जांभळा झगा काढून त्याच्या हातात दिला. सांगलीच्या विश्रामबागेत, एका बंद पडलेल्या गॅरेजच्या मागं पाच-सहा पोरं तोंडाला पंचे बांधून काम करत होती. बांबूची तिरडी तयार होती. तिच्यावर उसाच्या पाचटाचा पुतळा आडवा होता आणि अजून उघडाच होता. असला झगा बाजारात मिळत नसे. तो फक्त 'अव्यक्तधारा परिवारा'तल्या माणसांच्या अंगावर दिसायचा. लालासाहेबांच्या घरी ट्रंकेत एक होता, कारण त्यांची मुलगी रेश्मा त्या परिवारात गेली होती. बायको चंद्राबाई शेळीला चारा टाकायला परसात गेल्या तेवढ्यात त्यांनी तो पिशवीत घातला होता.

"एकच मडकं आणलंय व्हय रं?" लालासाहेबांनी विचारलं.

"पुरे की काका. नुसतं दाखवायचंय."

"दाखवायचं तर नीट दाखवा. दोन लागत्यात. एक इस्तवाचं, म्होरं धरायचं. दुसरं पाण्याचं, खांद्यावर घिऊन फेऱ्या मारायच्या. पळ, मंडईत मिळंल."

वरद नावाचा पोरगा मोटारसायकल काढून गेला. प्रतीकात्मक अंत्ययात्रा हे आपल्याकडे काही नवल नाही. नळाला पाणी आलं नाही की नगरपालिकेची काढतात, उसाला दर मिळाला नाही की कारखान्याची काढतात. तिरडी उचलायची, बोंब ठोकायची, फोटो काढायचे आणि चहा पिऊन घरी जायचं. पोरांनीही परिवाराच्या गुरूसाठी तेवढंच ठरवलं होतं. पण लालासाहेबांनी वडिलांना आणि थोरल्या भावाला स्वतःच्या हातानं अग्नी दिला होता, आणि अर्धवट काम त्यांना कधीच खपत नसे.

त्यांचं गाव कवठे महांकाळच्या जवळ. सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून परत आले, तेव्हापासून विहिरीतल्या मोटारी दुरुस्त करत होते. जळालेली मोटार उघडून तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची आणि पाणी वर आलं की शेतकऱ्यानं दिलेला चहा प्यायचा, एवढंच त्यांचं आयुष्य. त्यातली मिजास काय ती लेकीची. रेश्मा मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स होती. पांढऱ्या कपड्यात ती एसटीतून उतरली की लालासाहेब उगीचच चार माणसांना ऐकू जाईल असं तिला हाक मारायचे.

तीन वर्षांपूर्वी तिला गुरुतात भेटला. हा गृहस्थ आधी साताऱ्यात गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. पोरं एकामागून एक नापास होऊ लागली, तेव्हा त्याला साक्षात्कार झाला. पाटणच्या पलीकडं डोंगरात त्यानं धाम उभारलं. आजार हा नात्यांचा मळ आहे, रक्ताची माणसं म्हणजे चिखल आहे, गोळ्या सोडा, नाव सोडा, घर सोडा, अशी त्याची शिकवण. साखरेच्या रोग्यांनी गोळ्या सोडल्या आणि त्यातल्या दोघांचे पाय गेले. त्यावर गुरुतात म्हणाला की पायांनीच माणूस घराकडं जातो. लोकांनी यावरही टाळ्या वाजवल्या. लोकांना काय, लाजच नसते.

रेश्माची तिथं 'तृप्ता' झाली. गेल्या दिवाळीत ती दोन दिवस घरी आली होती. ताटावर बसून शांतपणे म्हणाली, "बापू, तुमी आनि आई माजा चिखल हायसा. राग न्हाई माजा. पन धुवायला लागतंय." लालासाहेबांनी ताट भिरकावलं. लेकीचा झगा कुंपणाच्या तारेला लागून फाटला होता, तो चंद्राबाईंनी मांडीवर घेऊन शिवला. घरात जांभळा दोरा नव्हता, म्हणून लालच घातला. धुऊन वाळत टाकलेला तो झगा रेश्मा जाताना दोरीवरच विसरून गेली.

त्यानंतर लालासाहेबांना 'झगामगा' सापडलं. सांगलीच्या सौमित्रनं आणि त्याच्या दोस्तांनी इंटरनेटवर काढलेलं ते पान. 'झगा मगा मला बघा' या म्हणीवरून नाव. गुरुताताच्या प्रवचनांचे तुकडे घेऊन पोरं तिथं त्याची यथेच्छ सालं काढत. परिवाराची माणसं त्यांच्या घरी फोन करून आयाबहिणींवरून बोलायची, वकिलाच्या नोटिसा पाठवायची, म्हणून पोरं तोंडं झाकून वावरत. तोंड न झाकणारा एकच, लालासाहेब. 'एका बापाचा सवाल' या नावानं त्यांची चित्रफीत पहिल्याच आठवड्यात दोन लाख लोकांनी पाहिली.

आणि खरं सांगायचं तर, ते त्यांना आवडलं. आयुष्यभर विहिरीच्या काठावर बसलेल्या माणसाचं ऐकायला दोन लाख लोक. परिवारवाले खाली लिहायचे, 'दारुडा बाप', 'पेन्शन खाऊन बडबडतो'. लालासाहेब एका बोटानं उत्तरं द्यायचे. शेतकरी दारात येऊन बसायचे. "मोटार हिरीत आन् मिस्त्री फोनात," असं गावात म्हणू लागले होते. रेश्मासाठी सुरू केलेल्या भांडणात रेश्मा कधी मागं पडली, हे त्यांना कळलं नाही.

काल दुपारी मात्र चंद्राबाईंना फोन आला. कुणाच्या तरी मोबाइलवरून, जेमतेम मिनिटभर. परिवाराची सभा उद्या सांगलीत, मंगल कार्यालयात आहे, साडेबाराला जेवणाची सुट्टी होईल, तेव्हा मागच्या फाटकापाशी ये. "बापूंना बी आन," रेश्मा म्हणाली, "पन भांडू नगा म्हनावं." तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं स्वतःहून बोलावलं होतं. चंद्राबाईंनी पहाटेच दुधातल्या दशम्या केल्या.

एसटीत लालासाहेबांनी बायकोला शब्द दिला होता. अंत्ययात्रा पुढच्या रस्त्यावर अकराला निघेल, बाराच्या आत आटपेल, मग मी मोकळा.

पण पोलिसांनी घोळ घातला. फौजदारानं तिरडी पाहिली आणि मोठा रस्ता अडवायचा नाही म्हणून सांगितलं. तास गेला. शेवटी तो म्हणाला, "मागच्या गल्लीत काय ते दहा मिनिटांत उरका. आणि काडी लावायची नाही." तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"सौमित्र, मी जातो रं आता," लालासाहेब म्हणाले. "पोरगी यायची हाय."

सौमित्र वाईट पोरगा नव्हता. त्याच्या मावशीचं घर याच परिवारानं मोडलं होतं. त्यानं फोन पुढं केला. "काका, अकरा हजार लोक लाइव्ह बघतायत. सगळे तुमची वाट बघतायत. मडकं धरायला घरातलं मोठं माणूस पाहिजे, तुम्हीच म्हणालात. आणि मागच्या गल्लीतच तर जातोय आपण. ती येईलच समोर. बघू दे ना तिला, बाप कसा लढतोय ते."

शेवटचं वाक्य लालासाहेबांच्या मनात जाऊन बसलं. त्यांनी विस्तवाचं मडकं उचललं.

गल्ली अरुंद होती. मागच्या फाटकाजवळ चंद्राबाई दशम्यांची पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. पुढं नवरा, मागं तिरडी आणि पंचे बांधलेली पोरं पाहून त्या दोन पावलं पुढं आल्या.

"आवं, ठेवा ते खाली. यील ती आता."

"दोन मिंटं. ह्ये झालं की आलोच."

"आसलं आज नगा. तुमच्या पाया पडते."

"बाजूला हो, चंद्रा. फोन चालू हाय."

पोरांनी तिरडी फाटकासमोर ठेवली. "गुरुतात मेला," असं ओरडत बोंब ठोकली. वरदनं बाटलीतलं पेट्रोल ओतलं, आणि गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला फौजदार पळत येईपर्यंत झगा पेटला होता. लालासाहेबांनी पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं. पहिली फेरी, वरदनं दगडानं भोक पाडलं. दुसरी फेरी, दुसरं भोक. पाणी त्यांच्या पाठीवरून वाहू लागलं. त्यांना वडील आठवले, भाऊ आठवला. हातांना सगळं पाठ होतं. तिसरी फेरी संपताच त्यांनी मडकं खांद्यावरून मागं टाकलं, ते फुटलं, आणि ते चालू लागले.

तेवढ्यात मागून हाक आली. "बापू."

मोठ्यानं नव्हती. पण हा आवाज त्यांनी हजार माणसांत ओळखला असता. मडकं फुटल्यावर मागं वळून बघायचं नसतं, हे त्यांच्या पायांना वयाच्या विशीपासून ठाऊक होतं. पाय तसेच पुढं गेले. चहाच्या टपरीपर्यंत, वीस-पंचवीस पावलं. मग आपण काय करतोय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते गर्रकन वळले. फाटक बंद होत होतं. पोलीस जळतं पाचट बुटांनी तुडवत होते. चंद्राबाई एकट्याच उभ्या होत्या.

"आली हुती?" त्यांनी विचारलं.

चंद्राबाई दशम्यांची पिशवी तशीच छातीशी धरून एसटी स्टँडकडं चालू लागल्या.

परतीच्या एसटीत त्या बायकांच्या बाकावर जाऊन बसल्या. लालासाहेबांचा फोन सारखा वाजत होता. सौमित्रचा निरोप होता, 'काका, तुम्ही ग्रेट आहात, साठ हजार झाले.' तासाभरानं परिवारानंही तोच तुकडा टाकला. मडकं टाकून चालत जाणारा माणूस, मागून 'बापू' अशी हाक, आणि खाली ओळ: 'जिवंत लेकीची चिता पेटवणारा बाप.' पोरांच्या तुकड्यात हाक ऐकू येत नव्हती. त्यांनी वर हलगी लावली होती. लालासाहेबांनी सौमित्रला फोन करून ते काढून टाकायला सांगितलं. "काका, आता काढलं तर आपण हरलो असं दिसेल," तो म्हणाला. लालासाहेबांनी त्याला एक कडक शिवी दिली आणि फोन बंद केला.

दिवस कलताना दोघं घरी पोचले. चंद्राबाई आधी आत गेल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"तितंच थांबा. मयतीस्नं आलायसा. अंगूळ केल्याबिगर आत येऊ नगा."

"अगं, नाटक हुतं ते. पाचाट हुतं नुसतं."

"कापडं माज्या लेकीची हुती. पेटतानाच तिनं लाल टाका वळखला. मला म्हनली, 'आई, कुनाची मयत हाय?' मी काय सांगू?" चंद्राबाईंचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "पिशवी घिऊन आली हुती. कपड्यांची. कायमची यायला निघाली हुती. तुमास्नी एक हाक मारली तिनं. तुमी बगितला न्हाईसा. मग आपल्या पायांनी आत गेली. कुनी वडली न्हाई तिला."

लालासाहेब अंगणातल्या दगडावर जाऊन बसले. चंद्राबाईंनी बादली आणली, कडुनिंबाचा डहाळा ओरबाडून पाण्यात टाकला आणि त्यांच्या अंगावर कपड्यांसकट तांब्यामागून तांब्या ओतला. फौजेत गोळी चाटून गेली तेव्हाही त्यांना एवढी भीती वाटली नव्हती.

त्या रात्री चूल पेटली नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं. चंद्राबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या आणि लालासाहेब सोप्यात ओले केस तसेच ठेवून बसले होते.

दिवेलागणीनंतर शेजारची धोंडुबाई आली. तिच्या नातवानं फोनवर सगळं दाखवलं होतं की तिनं नुसतं धूर नसलेलं छप्पर पाहिलं होतं, कोण जाणे. तिच्या हातात फडक्यानं झाकलेली दुरडी होती. आत पिठलं आणि भाकरी होती. मयत झालेल्या घरी शेजाऱ्यांनी आणायची असते तीच.

तिनं दुरडी उंबऱ्याच्या आत ठेवली, "दोन घास खावा," म्हणाली आणि रिवाजाप्रमाणं 'येते' न म्हणता निघून गेली.

तिला परत बोलवावं, आमच्यात कुणी गेलेलं नाही, आमची रेश्मा जिवंत आहे असं सांगावं, म्हणून लालासाहेब उठले. दारापर्यंत गेले. धोंडुबाई अजून अंगणातच होती. पण ते हाक न मारताच मागं आले, खाली बसले, आणि एक भाकरी मोडून अर्धी त्यांनी बायकोसाठी बाजूला ठेवली.