पाच मिनिटांची परीक्षा

"फुटबॉल नको. दरवर्षी तोच फुटबॉल, फक्त खेळाडूंचे शर्ट बदलतात," सिस्टर म्हणाली, आणि लिफ्टवाल्याने सुचवलेलं नाव तिथंच बारगळलं.

लिफ्टवाला खट्टू झाला. वर्कशॉप त्याचं, टीव्ही त्याचा, चहाही त्याचाच. आणि अकरा वर्षांत त्याचा खेळ एकदाही निवडून आला नव्हता. "मग तुझ्या गाड्या तरी काय वेगळ्या असतात?" तो कुरकुरला. "नुसती धडकाधडकी."

"दिवसभर पेशंटांना सांभाळून धरते मी. संध्याकाळी चार गाड्या आपटल्या तर बिघडलं कुठं?"

वर्षाच्या शेवटच्या दोन रविवारी दुपारी ही चार माणसं लिफ्टदुरुस्तीच्या वर्कशॉपमागच्या खोलीत जमायची आणि वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ गेम ठरवायची. पहिल्या रविवारी वाद, दुसऱ्या रविवारी परीक्षा आणि मतदान. त्यांच्या निकालाशी जगाला काडीचंही देणंघेणं नव्हतं. पण ज्याचा खेळ जिंके तो पुढचं वर्षभर थोडा ताठ चालायचा, हे त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक होतं.

परीक्षेचा नियम इन्स्पेक्टरने केलेला. जो खेळ सुचवायचा तो स्वतःच्या हाताने शेवटपर्यंत खेळलेला हवा, आणि सगळ्यांसमोर पाच मिनिटं खेळून दाखवायला हवा. जो लबाडी करील तो बाहेर, कायमचा. पूर्वी पाचवा एक छापखानेवाला होता. त्याने भाच्याने पुरा केलेला खेळ आपला म्हणून आणला आणि इन्स्पेक्टरने त्याला दुसऱ्याच मिनिटाला पकडला. छापखानेवाला अजूनही इन्स्पेक्टर दिसला की रस्ता ओलांडून पलीकडे जातो.

इन्स्पेक्टर म्हणजे पोलीस नव्हे, वीज कंपनीतला मीटर इन्स्पेक्टर. सव्वीस वर्षं त्याने लोकांचे मीटर तपासले होते. कुठं लोहचुंबक लावलंय, कुठं वायर परस्पर फिरवलीय, हे त्याला माणसाच्या दार उघडण्यावरूनच कळे. निदान त्याला तसं वाटे. त्याची बायको म्हणायची, "यांना दूध पांढरं का, याचासुद्धा संशय येतो." तिचं काही चुकत नव्हतं.

आणि त्या रविवारी त्याला संशय आला होता तो घड्याळजींचा.

घड्याळजी चौघांत सगळ्यांत वडील. बासष्ट वर्षांचे, हडकुळे, शब्द जपून वापरणारे. तीस वर्षं एका अरुंद दुकानात डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करत आले होते. या वर्षी त्यांनी 'कडा' नावाचा खेळ सुचवला होता. त्यात एक बाई एकटी उभा कडा चढून जाते, एवढंच. पण कंट्रोलरची डावी काडी म्हणजे तिचा डावा हात, उजवी काडी म्हणजे उजवा. एक हात खाचेत घट्ट धरून ठेवायचा आणि दुसरा केसभर सरकवायचा. जरा चुकलं की बाई खाली. लिफ्टवाल्याने तो खेळ दोन दिवसांत सोडून दिला होता. इन्स्पेक्टरने नऊ दिवसांत, पण ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

"वर पोचल्यावर काय होतं माहितीये?" घड्याळजी सांगत होते. "काही नाही होत. बँडबाजा नाही की काही नाही. ती बाई कड्यावर बसते आणि आपल्या तळहातांकडे बघत राहते. आपण बटण दाबेपर्यंत बघतच राहते. मी म्हणतो, कुठल्या खेळानं आजवर हातांचे आभार मानलेत?"

सिस्टरने गाड्यांचा विषय सोडून दिला. लिफ्टवाल्याने मान डोलावली. वर्षाचा निकाल तिथंच लागल्यात जमा होता, आणि इन्स्पेक्टरचा 'अखेरचा साक्षीदार' हा खेळ निकालाच्या वहीत नुसता लिहिलेला राहणार होता. हे त्याला लागलं, पण तेवढंच कारण नव्हतं.

घड्याळजी कड्यावरून काय दिसतं ते सांगत होते, पण बोटांना काय वाटतं ते सांगत नव्हते. तास झाला तरी त्यांचे हात कोटाच्या खिशातून बाहेर आले नव्हते. समोरच्या चहावर साय धरली होती. शिवाय, रजेच्या दिवशी भर दुपारी अडीच वाजता इन्स्पेक्टरने आपला टीव्ही लावला होता तेव्हा मित्रांच्या यादीत घड्याळजींच्या नावापुढे 'कडा' चालू असल्याचा हिरवा ठिपका दिसला होता. दुकान उघडं असण्याच्या वेळी घरी 'कडा' कोण खेळत होतं? आणि इन्स्पेक्टरच्या वडिलांचं चावीचं घड्याळ पाच महिने दुरुस्तीला पडून होतं. विचारलं की एकच उत्तर, "पार्ट मिळत नाहीये." तीस वर्षांत घड्याळजींनी ही सबब कुणालाच सांगितली नव्हती. इन्स्पेक्टरच्या मनगटावर घड्याळाच्या जागी नुसता फिकट पट्टा उरला होता.

"घड्याळजी, आत्ताच दाखवा की थोडं खेळून," तो सहज बोलल्यासारखं म्हणाला.

"परीक्षा पुढच्या रविवारी असते," घड्याळजी म्हणाले.

"असते. पण आज दाखवलं तर काय होतंय?"

"नियम तूच केलायस ना, बाबा? मग पाळ की."

हशा पिकला. इन्स्पेक्टरही हसला, पण त्याच्या मनातली पाल चुकचुकायची थांबली नाही. त्याने वहीत लिहिलं: पुढील रविवारी पहिली परीक्षा, 'कडा'. आणि खाली दोनदा रेघ मारली.

मीटर इन्स्पेक्टरला कुणाच्याही दारी जायला कारण लागत नाही. बुधवारी दुपारी दोनच्या सुमारास तो घड्याळजींच्या इमारतीत शिरला. त्याआधी दुकानावरून गेला होता. शटर अर्धं खाली होतं आणि आत काळोख होता. इमारतीतले मीटर जिन्याखाली होते. त्याने टॉर्च पेटवला. तळमजल्यावरच्या घड्याळजींच्या मीटरचा दिवा भराभर लुकलुकत होता. म्हणजे आत कुणीतरी होतं. टॉर्च मीटरच्या पेटीवर ठेवून तो मागल्या बाजूला, खिडकीखाली जाऊन उभा राहिला. सव्वीस वर्षांत त्याने अशा किती खिडक्यांखाली कान लावले असतील, गणती नाही.

"डावा सोडू नकोस," आतून घड्याळजींचा आवाज आला. "सोडू नकोस म्हणतो ना! आता उजवा. जरा वर. तिथं खाच आहे."

"दिसतेय मला. आंधळी नाहीये मी."

"घाई करतेस."

"तुम्ही गप्प बसलात तर नाही करणार."

इन्स्पेक्टरने टाचा उंचावून आत पाहिलं. नाकावर चष्मा ओढून कंट्रोलर धरून बसली होती ती घड्याळजींची बायको. सापडला! त्याला मनापासून आनंद झाला, खोटं कशाला बोला? इतकी वर्षं चोर पकडताना होई तोच, तेवढाच आनंद. छापखानेवाल्याचा भाचा आणि घड्याळजींची बायको, फरक काय?

तेवढ्यात बाईंनी कंट्रोलर बाजूला ठेवला आणि तिपाईवरचा पाण्याचा पेला उचलून नवऱ्याच्या ओठांना लावला. घड्याळजींनी आपले हात दोन गुडघ्यांमध्ये दाबून धरले होते. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी तोंड पुसायला उजवा हात काढला, आणि तो हात हनुवटीपर्यंत पोचेचना. पिसाटासारखा थरथरत राहिला. बाईंनी तो धरला, पदराने त्यांचं तोंड पुसलं, आणि हात पुन्हा गुडघ्यांमध्ये ठेवून दिला.

"कुठं होतो आपण?" बाईंनी विचारलं.

"उजवा वर," घड्याळजी म्हणाले.

इन्स्पेक्टरने टाचा खाली टेकल्या. मग रीडिंग न घेताच चालता झाला. अर्ध्या वाटेवर त्याला टॉर्चची आठवण झाली, पण परत जाववेना. पार्ट कुठला मिळत नव्हता ते त्याला आता कळलं होतं. घड्याळजींचं दुकान का बंद होतं, आणि या माणसाला वर्षात उरलेली एकच जागा म्हणजे लिफ्टवाल्याकडची ती खुर्ची कशी होती, हेही. आणि ती खुर्ची काढून घेण्यासाठी आपण स्वतःच्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्यात. त्या रात्री बायकोने "काय झालंय?" म्हणून तीनदा विचारलं. तो "काही नाही" म्हणाला, आणि उलट तिलाच त्याचा संशय आला.

रविवारी तो सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. घड्याळजी आले ते खांद्याला पिशवी लावून, हात खिशात. लिफ्टवाल्याने टीव्ही लावला, कंट्रोलर टेबलावर ठेवला. "हं, पहिली परीक्षा 'कडा'. पण इन्स्पेक्टरचं घड्याळ नाही, मग मोजायचं कशावर?"

"परीक्षा लागणार नाही," इन्स्पेक्टर घाईघाईने म्हणाला. "मी बुधवारी गेलो होतो त्यांच्याकडे. मीटर बघायला. घड्याळजी खेळत होते. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. पास म्हणून लिहितो."

सिस्टरने चमकून त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस परीक्षा माफ करतोय? लिफ्टवालाही तोंड वासून बघत राहिला. एरवी संशय घेणं हे ज्याचं काम, त्याच्यावरच तीन जणांची नजर खिळली आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सिस्टर, माझ्या पिशवीत हात घाल गं," घड्याळजी म्हणाले. "टॉर्च आहे बघ. तो इन्स्पेक्टरला दे. आमच्या जिन्याखाली राहिला होता."

सिस्टरने टॉर्च टेबलावर ठेवला.

"पाहिलंस ना?" घड्याळजींनी इन्स्पेक्टरला विचारलं. आवाजात राग नव्हता. "मग जे पाहिलंस तेच लिही. सव्वीस वर्षांत खोटं रीडिंग लिहिलं नाहीस, ते माझ्यापायी लिहिणार?"

"घड्याळजी, राहू द्या हो."

"का राहू द्या? छापखानेवाल्याला राहू दिलंस?"

त्यांनी खिशातून हात काढले. दोन्ही. सिस्टरचा चेहरा एकदम बदलला; ती इस्पितळातली बाई, तिला कुणी सांगायची गरज नव्हती. घड्याळजींनी कंट्रोलर उचलला, दुसऱ्या प्रयत्नात. पडद्यावर कड्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या बाईने हात वर नेले, आणि तिचेही हात थरथरू लागले. तिने पहिली खाच धरली. दुसरी धरली. तिसरीकडे जाताना उजवा हात खडकावर नुसता खरवडत राहिला आणि ती खाली पडली. कमरेएवढ्याच उंचीवरून पडली, पण सिस्टरने सावरायला हात पुढे केला.

"पुरतं दिसलं?" घड्याळजी म्हणाले. "आता लिही. नापास. नियमाप्रमाणे बाहेर."

"मी नाही लिहिणार," इन्स्पेक्टर म्हणाला. त्याने वही मिटून बाजूला सारली. "नियम माझा होता. माझी अक्कल तेवढीच होती."

"नियम चांगला आहे. ज्यानं पुरा केला त्यानंच बोलावं. मी काय म्हणतो, माझी खुर्ची रिकामी नका ठेवू. 'कडा' जिनं पुरा केला ती बाहेर उभी आहे. तिला वाटतं, तुम्ही तिला आत घेणार नाही."

इन्स्पेक्टर उठला. वर्कशॉपमधून, उघड्या पडलेल्या मोटारी आणि वायरदोरांच्या वेटोळ्यांमधून तो दारापर्यंत गेला. बाई तिथं पदर सावरून उभ्या होत्या, चष्म्याची डबी हातात घट्ट धरून.

"वहिनी, आत या," तो म्हणाला.

"भाऊजी, हे फार वाईट वाटून घेताहेत का हो?"

"ते नाही घेत. आम्ही घेतोय. या."

बाई घड्याळजींच्या खुर्चीवर बसल्या. चष्मा लावला, कंट्रोलर हातात घेतला आणि सवयीने मागं वळून पाहिलं. घड्याळजी खुर्चीमागे उभे होते. त्यांनी मान हलवली. मग काहीतरी आठवल्यासारखं करून ते इन्स्पेक्टरला म्हणाले, "पिशवीत तळाला पुडी आहे. तुझं घड्याळ. पार्ट कधीच आला होता रे. मलाच बसवता आला नाही. उशीर केला, रागावू नकोस. दुसऱ्या कुणाकडून करून घे."

इन्स्पेक्टरने पुडी सोडली. घड्याळ पुसून लख्ख केलेलं होतं, आणि पुडीच्या आतल्या कागदी घडीत तो बारीकसा पार्ट वेगळा जपून ठेवलेला होता. त्याने घड्याळ मनगटावर, त्या फिकट पट्ट्यावर बांधलं.

"करा सुरू, वहिनी," तो म्हणाला.

पडद्यावरची बाई चढू लागली. डावा हात घट्ट, उजवा वर. घड्याळजींचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. बाई पहिल्या कपारीवर पोचली, तिथं दम घेऊन पुढे निघाली, वाऱ्याच्या पट्ट्यातून आडवी सरकली. सिस्टरने डोळे पुसले आणि पुन्हा पडद्याकडे लावले. चहा निवत होता, पण कुणी पेल्याला हात लावला नाही.

बऱ्याच वेळाने लिफ्टवाला हळूच म्हणाला, "पाच मिनिटं कधीच होऊन गेली असतील ना रे?"

इन्स्पेक्टरने मनगटावरच्या बंद घड्याळाकडे नीट निरखून पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "अजून व्हायचीत."