एका नंबरावरच्या सात बायका

मी एक जुनी जोडणी आहे. हसू नका! जुनी म्हणजे अवघी दोन वर्षांची, पण आमच्या कंप्युटरच्या दुनियेत दोन वर्षं म्हणजे केस पिकले म्हणायचे. मला हात नाहीत, पाय नाहीत, साधा डबासुद्धा नाही. कोणी ऑनलाइन फॉर्म भरला की त्यातली माहिती उचलायची आणि दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या यादीत नेऊन ठेवायची, एवढंच माझं काम. दुकान रेवदंड्याच्या बाजारात, जलीलभाईंचं, चष्म्याचं. मित्रांनो, माझी गोष्ट सुरुवातीला मजेची आहे. पुढे एक जागा अशी येते की तिथे मला तुमच्याकडे बघवणार नाही. पण ती जागा मी गाळणार नाही.

माझा जन्म लाइबाच्या आठवीच्या सुट्टीतला. लाइबा म्हणजे जलीलभाईंची मुलगी. तेव्हा भरलेले फॉर्म एका शीटमध्ये एकाखाली एक जमायचे, आणि लाइबा रोज दुपारी शीटमध्ये बघून एकेक नाव यादीत टाईप करायची. नाव, गाव, मोबाइल, वय, तक्रार. कंटाळा आला की चुका! चौलच्या माणसाला तिने कोर्लईत नेऊन बसवलं आणि एका आजोबांचं वय सातशे दोन केलं.

"अब्बा, बस झालं. हे आपोआप झालं पाहिजे," ती म्हणाली. तीन दुपारी खपली, खारी बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला आणि तिने मला बनवलं. पहिला फॉर्म तिने स्वतःच भरला. नाव: लाइबा. तक्रार: अभ्यासाचं पुस्तक उघडलं की अंधारी येते. पापणी लवायच्या आत मी तो यादीत नेऊन ठेवला. जलीलभाईंनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हात न लावता गेलं?"

"हात न लावता!" लाइबा खुर्चीवर चढून नाचली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर दिवस.

आमचे एक गिऱ्हाईक होते, धर्माजी. फार उतावीळ. दुकानातून तासाभरात फोन आला नाही की ते फॉर्म परत भरायचे. यादीत पाच-पाच धर्माजी झाले. मग लाइबाने मला नियम शिकवला: मोबाइल नंबर तोच असेल तर माणूसही तोच, जुनी माहिती पुसून त्यावर नवी लिही. पाच धर्माजींचा एक झाला. मला तो नियम इतका आवडला म्हणून सांगू! आपण हुशार झालो असं वाटलं.

शाळेच्या प्रदर्शनात लाइबाने मला मांडलं. वर मोठ्या अक्षरांत पाटी होती, 'एकही नाव सुटत नाही!' दुसरा नंबर आला. त्यानंतर ती जुनी शीट कोणी उघडेनासं झालं. कशाला उघडायची? मी होते ना.

आता ती जागा येते.

मार्चमध्ये मोतीबिंदूच्या मोफत ऑपरेशनसाठी गाडी येणार होती. रेवदंड्यातून बारा जणांना न्यायचं होतं. ज्याचा फॉर्म आधी, त्याची जागा आधी. नावं नोंदवायचं काम आमच्या दुकानाकडे, म्हणजे माझ्याकडे.

कोळीवाड्यातल्या एका आळीची पद्धत मला तेव्हा ठाऊक नव्हती. तिथे पुरुष बोटीवर गेले की घरातला फोनही त्यांच्याबरोबर समुद्रावर जातो. घरी राहतो एकच फोन, कल्पिताचा. मग गॅस असो, रेशन असो, मुलांची शाळा असो, आळीतली प्रत्येक बाई कल्पिताचाच नंबर देते. फोन आला की कल्पिता दारातून हाक मारते. लाइबाचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. तिलाही हे माहीत नव्हतं.

पहिल्याच दिवशी कल्पिताने आळीतल्या सात बायकांचे फॉर्म भरले. पहिला नीराबाईंचा. वय अडुसष्ट. तक्रारीत कल्पिताने त्या बोलल्या तसंच लिहिलं होतं: 'विनेशच्या बोटीचा बावटा दिसत न्हाय.' विनेश त्यांचा मुलगा. त्याची बोट खाडीच्या तोंडाशी आली की तिचा बावटा किनाऱ्यावरून सगळ्यात आधी ओळखायच्या त्या नीराबाईच. मी त्यांचं नाव यादीत ठेवलं आणि 'नोंद झाली' असा निरोप पाठवला.

मग त्याच नंबरावरून दुसरा फॉर्म आला. मी नीराबाईंना पुसलं आणि दुसरं नाव लिहिलं. मग तिसरा. मग चौथा. मला काही खटकलं नाही. उलट मला हसू आलं, हा कोणीतरी नवा धर्माजी दिसतोय! सातवा फॉर्म सुंदराबाईंचा. यादीत त्या एकट्या उरल्या. 'नोंद झाली' असे निरोप मात्र मी सातही पाठवले.

गाडी दुकानासमोरच थांबली. लाइबा फोनवर यादी उघडून नावं वाचत होती, म्हणजे मीही तिथेच होते. बारा जण बसले. खाली सहा बायका उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढे नीराबाई, नवं लुगडं, हातात पिशवी.

"माजा नाव वाच ना गो बाय."

"मावशी, तुमचं नाव नाही यादीत."

"आसं कसं? कल्पितानं भरलाय. नोंद झाली म्हनून फोनवर आलंवतं."

खिडकीतून धर्माजी ओरडले, "अहो, नुसतं नटून चालत नाही, फॉर्म भरायला लागतो!"

"तू गप बस रे! तुला दिसतंय तरी जागा अडवून बसलायस!" नीराबाईंनी सुनावलं. गाडीतले सगळे हसले.

लाइबा हसली नाही, पण ती फार खात्रीने म्हणाली, "मावशी, यादीत नाही म्हणजे भरलाच नसणार. यादी चुकत नाही."

मित्रांनो, ती माझ्या भरवशावर बोलली. गाडी गेली. नीराबाई पायाने दुकानाची पायरी चाचपत उतरल्या. मला तोंड असतं तर मी तेव्हा ओरडले असते का? नाही. खरं सांगते, तेव्हाही मला आपण बरोबरच आहोत असं वाटत होतं.

दुपारी लाइबाला जेवण जाईना. तिने कितीतरी महिन्यांनी ती जुनी शीट उघडली. सात नावं एकाखाली एक, सगळ्यांसमोर एकच नंबर. शीटने एकही नाव हरवलं नव्हतं. ती हरवली होती मी.

"अब्बा," ती म्हणाली आणि शीट त्यांच्यापुढे धरली.

बापलेक तसेच कोळीवाड्यात गेले. लाइबा नीराबाईंसमोर उभी राहून रडायलाच लागली. "मावशी, चूक माझी आहे. मी ते सगळं आजच पुसून टाकते."

नीराबाईंनी तिला खाली बसवलं, पाणी दिलं. "पुसून काय व्हनार? पुसलं म्हनून तं ह्ये झालं! तुज्या त्या यंत्राला सांग, फोन बोटीवर जातान, बाया घरी ऱ्हातान. येवढं शिकव त्याला."

"ती शिकवेल, मावशी," जलीलभाई म्हणाले, "आणि मीही शिकेन."

त्यांनी डॉक्टरांना फोन केला. पुढची गाडी दिवाळीनंतर. सहाही बायकांची नावं त्यांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहून घेतली.

आठ महिन्यांनी नीराबाईंचं ऑपरेशन झालं. डावा डोळा छान झाला. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू फार पिकला होता, आत दाब वाढून नजर गेली होती. "मार्चमध्ये आल्या असत्या तर..." डॉक्टर एवढं बोलून थांबले. ते वाक्य जलीलभाईंनी यादीत नीराबाईंच्या नावापुढे जसंच्या तसं लिहिलं. माझ्याकडे ते रोज असतं.

आता माझा नियम बदलला आहे. नंबर तोच पण नाव वेगळं असेल तर मी काही पुसत नाही. ती ओळ लाल करते आणि थांबते. दर शुक्रवारी नमाजाहून आले की जलीलभाई शीट उघडतात, फॉर्म किती आले आणि यादीत नावं किती गेली ते बोटाने मोजतात. शाळेतली ती पाटी लाइबाने काढून टाकली.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना कामाला जरूर लावा. आम्ही थकत नाही, कंटाळत नाही. पण काम करताना आम्हाला लाजही वाटत नाही आणि शंकाही येत नाही, त्या तुम्हाला यायला हव्यात. काम आपोआप झालं म्हणून नीट झालं असं धरून चालू नका. मूळ कागद अधूनमधून उघडा. आणि नियम शिकवण्याआधी त्या आळीत एकदा चालत जा, दहाच मिनिटं लागतात.

आज सकाळी कल्पिताच्या नंबरावरून एक फॉर्म आलाय. नाव: नीराबाई. तक्रार: 'डाव्यानं बावटा दिसतो. उजव्याचं काय व्हईल का, येकदा बगा.'

याचं उत्तर माझ्यापाशी नाही. त्या नंबरावर यादीत आणखीही नावं आहेत, म्हणून मी ती ओळ लाल केली आहे आणि 'नोंद झाली' असं अजून कळवलेलं नाही. लाइबा शाळेतून यायची मी वाट बघते आहे.