टाचण्या टोचलेला बाजार

मित्रांनो, मी एक जुना बाजार आहे. दचकू नका, एका टेबलावर मावतो. तीनशे बारा घरं, सतरा गल्ल्या, एक चौक, एक घड्याळाचा मनोरा असा माझा मोठा पसारा. पण झाकायला एक चादर पुरते. शहाणे लोक मला लाकडी नमुना म्हणतात. म्हणोत बापडे. माणसांतले इतके नमुने पाहिलेत मी, की आता त्यात कमीपणा वाटत नाही.

मला घडवलं आमच्या सुतारकाकांनी. नगरपालिकेला शंभर वर्षं झाली, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की गावाच्या मधल्या भागाची हुबेहूब प्रतिकृती करून दारात ठेवावी. काका तेव्हा तरुण होते, मिशा काळ्याभोर. खोक्यांच्या फळ्या, सरस आणि पॉलिश कागद एवढ्यावर दोन वर्षं खपले. टेप घेऊन गल्लोगल्ली हिंडायचे. कुणाची खिडकी फुटकी असेल, तर माझ्याही त्या घराची खिडकी फुटकी. न्हावीमामांच्या दुकानाची पायरी एका बाजूला खचलेली होती, तर माझीही खचवली. मामा चिडले.

"अरे, निदान लाकडात तरी सरळ कर की!"

"तू आधी खरी सरळ कर, मग मी हिच्याखाली पाचर मारतो," काका म्हणाले.

दोन्ही पायऱ्या तशाच राहिल्या.

स्वतःचं घर काकांनी सगळ्यांत शेवटी केलं. खाली कामाची जागा, वर दोन खोल्या, बाहेरून जिना. काडेपेटीएवढं घर, पण त्याला आठ दिवस लागले. बसवून झाल्यावर दोन पावलं मागे गेले, माझ्याकडे एकटक पाहिलं आणि हात झटकले.

मग माझे सुखाचे दिवस आले. येणारा जाणारा माझ्यावर नाक टेकवून आपलं घर शोधायचा. शाळेच्या मुली रांगेनं यायच्या. आणि आता एक सांगतो, विश्वास ठेवायचा तर ठेवा. माझ्यावर जे होई, ते चार दिवसांनी खऱ्या बाजारात होई. झाडूवालीनं एकदा माझ्यावर ओलं फडकं पिळलं, तर त्या आठवड्यात चौकात घोटाभर पाणी तुंबलं. माझ्या मनोऱ्यावर माशी बसली, तर खऱ्या मनोऱ्यावर घार येऊन बसली आणि महिनाभर हलेना. खोटं वाटतंय? मी लाकूड आहे हो, खोटं बोलून मला काय बढती मिळणार!

पुढे नव्याची नवलाई ओसरली. मला जिन्याखाली सरकवलं, मोडक्या खुर्च्यांच्या सोबतीला. एकोणीस वर्षं तिथं काढली. माझ्या चौकात एक उंदरीण तीनदा बाळंत झाली. त्याच सुमाराला खऱ्या चौकात गाड्यांची एवढी दाटी झाली, की माणसाला उभं राहायला जागा उरली नाही. मी काहीच बोललो नाही. चादरीखालून कोण ऐकणार?

एके दिवशी सकाळी चादर उचलली गेली.

"अगं बाई! हा अजून आहे?"

नव्या अध्यक्षबाई होत्या. लहानपणी त्याही त्या शाळेच्या रांगेत आल्या होत्या. त्यांनी आपला रुमाल काढून माझी धूळ पुसली, तोंडभर हसल्या. ते हसू खरं होतं. मित्रांनो, मला भीती वाटली ती त्यामुळेच. वाईट माणसाची चाहूल मला लांबून लागते. लगेच सांधे करकरायला लागतात. त्या दिवशी एक सांधा हलला नाही.

त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. गटारं पणजोबांच्या काळातली, आगीचा बंब तेरा गल्ल्यांत शिरत नाही. त्यांना जुना बाजार उतरवून रुंद रस्ता आणि उंच इमारती उभ्या करायच्या होत्या. सुतारकाकांना बोलावणं गेलं. काका आले, मिशा आता पांढऱ्या झालेल्या. सोबत त्यांची लेक होती. काकांच्या कामाच्या जागेतच, रस्त्याकडच्या अर्ध्या भागात तिचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं.

"काका, नवा आराखडा आपण यावरच दाखवू. तुमच्याच हातानं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"म्हणजे घरं काढायची?"

"नुसती दाखवायला हो. अजून कशात काही नाही. लोकांचं मत घेतल्याशिवाय मी वीटसुद्धा हलवणार नाही. शब्द आहे माझा."

काका विरघळले. इतक्या वर्षांनी कुणी त्यांच्या हाताची आठवण काढली होती. त्यांनी पटाशी आणली आणि उत्तरेकडून रस्ता येणार होता तिथली नऊ घरं एकेक करून उचकटली. लेक बाजूला उभी राहून बघत होती.

"बाबा, दुसऱ्यांची घरं उपटताना हात कसा चालतो तुमचा?"

"लाकूड आहे गं ते."

"मग आपलंही काढा ना. काढा बघू."

काकांनी पटाशी पुसली आणि पिशवीत टाकली.

त्या आठवड्यात खऱ्या नऊ घरांच्या वळचणीच्या चिमण्या निघून गेल्या. एकाच सकाळी, पिल्लांसकट. योगायोग म्हणा हवं तर.

मग मला मोठ्या दालनात मांडलं. तीस दिवस लोकांनी यावं, आराखडा पाहावा, मत द्यावं असं ठरलं. दालनाचं दार सताड उघडं. आत कारकून बसलेला, समोर लाल डोक्याच्या टाचण्यांचा डबा. प्रत्येक घराला एक टाचणी. पहिला मान अर्थातच काकांचा.

"कुठं टोचायची?" काकांनी विचारलं.

कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "तुम्हाला हवी तिथं."

आता तुम्हीच सांगा, ज्यानं मला घडवलं तो माणूस टाचणी कुठं टोचणार? काकांनी आपल्या घरावर टोचली. मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "हे आमचं." मग काय, पाठोपाठ सगळे. हे आमचं, हे आमचं, हा आमचा वरचा मजला, ही आमची गच्ची. न्हावीमामा म्हणाले, "पायरीवर नको रे बाबा, आणखी खचेल. छपरावर टोचतो."

मतंही भरभरून दिली लोकांनी. मला दिली, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. मामांना लिफ्ट हवी होती: "माझ्या गुडघ्यांना विचारा, ते आज उतरवायला तयार आहेत!" किराणावाल्याला दुकान हवं होतं, पण तळमजल्यावरच. काकांची लेक म्हणत होती, गटार नवं करा, घर कशाला? कुणी रागावलं, कुणी हात जोडले. कारकून फक्त घराच्या आकड्यापुढे बरोबरची खूण करत होता.

त्या नऊ घरांतलीही माणसं आली. शिंपीणबाई टाचणी घेऊन माझ्याभोवती दोनदा फिरल्या.

"माझं घर कुठाय?"

"इथं नाही दिसत," कारकून म्हणाला.

"अहो, मी तिथनंच उठून आलेय ना आत्ता! चुलीवर दूध ठेवलंय माझं!"

"असेल. पण टोचायला जागा नाही, तर मत कुठं लावू तुमचं?"

त्यांनी टाचणी परत डब्यात टाकली. तिचा आवाज झालेला फक्त मी ऐकला.

तिसाव्या दिवशी दुपारी चारला सभा भरली. तोवर माझ्या अंगावर दोनशे एक्क्याण्णव टाचण्या होत्या. लांबून पाहिलं तर अंगावर गोवर उठल्यासारखा दिसत होतो. अध्यक्षबाईंनी कागद हातात घेतला.

"तीनशे तीनपैकी दोनशे एक्क्याण्णव घरांनी स्वतः येऊन, स्वतःच्या हातानं, आपली जागा या कामासाठी देत असल्याची खूण केली आहे. मी भारावून गेलेय."

काका उठले.

"बाई, काहीतरी चुकतंय. ती खूण 'हे आमचं' अशी होती."

अध्यक्षबाई खरोखरच गोंधळल्या. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून उठला आणि दालनाचं दार भिंतीपासून ओढून पुढे आणलं. दारामागे भिंतीवर फलक होता, चांगला ठसठशीत: ज्या घरावर टाचणी, त्या घराची संमती. तीस दिवस दार उघडं होतं आणि तीस दिवस फलक दाराआड होता. मलासुद्धा तो तेव्हाच पहिल्यांदा दिसला.

"फलक तर होता, काका," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या.

"दाराआड होता."

"दार तुमच्यासाठीच तर उघडं ठेवलं होतं."

काकांची लेक ताडकन उभी राहिली. "मग आमची टाचणी आम्ही काढून घेतो. आजचा दिवस आहे ना अजून? पाचपर्यंत मुदत आहे."

"घ्या की. अडवलंय कुणी?"

काका माझ्याजवळ आले. दोन बोटांत टाचणी धरली. मित्रांनो, मी लाकडाचा असलो तरी त्या घटकेला रेष न् रेष आवळून धरली. पण सरस चाळीस वर्षांचा जुना, वाळून पापड झालेला. काकांनी टाचणी ओढली आणि तिच्यासकट घर उचललं गेलं. खाली कामाची जागा, वर दोन खोल्या, बाहेरचा जिना, सगळं टाचणीच्या टोकाला लटकत काकांच्या हातात.

फोटो काढणाऱ्यानं फोटो काढला. मागच्या रांगेत कुणाला तरी वाटलं, हा समारंभाचाच भाग असावा. त्यानं टाळी वाजवली. मग आणखी दहा जणांनी. कारकुनानं खाली मान घालून लिहिलं: मालकाने स्वहस्ते काढून दिले.

"ठेवा ते, बाबा! परत ठेवा!" लेक ओरडली.

काकांनी ठेवून पाहिलं. घर कलंडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा कलंडलं. माझ्या अंगावर तिथं एक फिकट चौकोन उरला होता, आणि तो काही केल्या घर धरेना.

न्हावीमामाही टाचणी काढायला पुढे आले होते. त्यांचा हात छपरावर तसाच थांबला. मागे सगळी रांग उभी होती, टाचण्या काढायला आलेली. पण काकांच्या हातातलं ते काडेपेटीएवढं घर पाहिल्यावर एकाचीही हिंमत होईना. ओढावं आणि आपलंही उपटून आलं तर? सगळे आपापल्या टाचणीवर बोट ठेवून उभे राहिले. उभ्या उभ्याच पाच वाजले.

चार दिवसांनी काकांच्या खऱ्या घराच्या चारही बाजूंनी, पायापाशी, सरळ रेषेत तडा गेला. हे मात्र योगायोग म्हणू नका.

आता माझ्यावर पांढऱ्या इमारती चिकटवल्यात. काचेच्या पेटीत असतो. दिवाही आहे आत. खालच्या गल्ल्या फक्त मला ठाऊक आहेत. काका आणि त्यांची लेक गावाबाहेर एका खोलीत राहतात. काका एकदा मला बघायला आले होते. काचेभोवती फिरले, पण उभं कुठं राहावं ते त्यांना उमगेना, म्हणून गेले.

मित्रांनो, गेल्या आठवड्यापासून शेजारच्या खोलीत फळ्या कापल्या जातायत. सरस उकळल्याचा वास येतोय. यंत्रावर भराभर घरं तयार होतायत, खिडक्या नसलेली. तो कुठला भाग आहे ते मला अजून ओळखता आलेलं नाही. तुमचाही असेल. लवकरच तुम्हालाही गोड बोलून बोलावतील, दार सताड उघडं असेल, हातात टाचणी येईल. ती टोचायच्या आधी एवढं माझ्यासाठी करा. ते दार भिंतीपासून ओढा, मागे काय लिहिलंय ते वाचा. आणि मनात नको, मोठ्यानं वाचा, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.