फुलाबाईचा डावा हात

लेकीचा, मोनाचा साखरपुडा आठ दिवसांवर आला, म्हणून फुलाबाई निमगाव केतकीच्या बाजारात बांगड्या भरायला बसली. उजव्या हातात डझनभर सहज चढल्या. डाव्या हाताला कासारणीने साबण लावला, दाबून पाहिलं, तरी एक जाईना.

"हात लई सुजलाय की वं."

"गांधीलमाशी चावली," म्हणत फुलाबाईने पदर ओढला.

कसली गांधीलमाशी! दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या स्तनाचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या. गावाला, अगदी सख्ख्या बहिणीलाही, गर्भपिशवीचं ऑपरेशन सांगितलं. का, तर पोरीची सोयरीक मोडेल! आपण सारे असेच वागतो, म्हणून फुलाबाईला हसू नका.

आता लोणी भापकर गावात दिलेल्या धाकट्या बहिणीला, शकुबाईला, स्तनात तशीच कॅन्सरची गाठ निघाली होती. सोमवारी बारामतीला ऑपरेशन होतं.

मोनानेच करुणाला बोलावलं आणि आईचं खरं ऑपरेशन सांगितलं. करुणा गावातल्या साहेबरावांची सून, बारामतीच्या दवाखान्यात नर्स. तिने टेपने दोन्ही हात मोजले. डावा चार सेंटिमीटरनं जाड भरला.

"काकू, माहेरी कुणाचे हातपाय असे सुजायचे का?"

फुलाबाई नवऱ्याकडं, झुंबरकडं, बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सरुआत्याचे पाय. तरणेपणापासनं. लग्नकार्यात तिला बाहीर येऊ देत नसत."

"हे डॉक्टरांना सांगितलं व्हतं?"

"त्यांनी इचारलं व्हतं. मीच न्हाय म्हणालो," झुंबर म्हणाला.

करुणाचा चेहरा उतरला. "तात्या, काही घराण्यांत अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या जन्मापासनंच नाजूक असत्यात. काखेतल्या गाठी काढल्या की अशांना सुजेचा धोका जास्त असू शकतो. शोध चालू हाय, पक्कं कुणी सांगत न्हाय. सरुआत्याचं तसंच व्हतं का, ते डॉक्टर ठरवतील. पण आधी कळलं तर हात मोजून ठेवत्यात, दर महिन्याला बघत्यात, व्यायाम, सूज दाबणारी घट्ट बाही येळेवर देत्यात. शकुमावशीचं रक्त बी तेच हाय."

"साखरपुडा बुधवारी हाय. तो उरकू दे, मग सांगू," झुंबर म्हणाला.

"शेजारच्या गोकुळनं बागेतला तेल्या रोग लपवला, आन् तो पसरून तुमचं डाळिंब गेलं. वर्षभर तुमी त्याच्याशी बोलला न्हाय. कॅन्सर काय तेल्यासारखा शेजाऱ्याला लागत न्हाय. पण लपवणं तेच की वं, तात्या."

मोना म्हणाली, "आबा, ह्यानं मोडंल ती सोयरीक मोडू दे."

झुंबरने मोटारसायकलची किल्ली घेतली. "चल फुला. लोणीला जाऊ."

शकुबाईच्या पडवीत फुलाबाईने पदर बाजूला केला, सुजलेला हात बहिणीपुढं धरला आणि सगळं सांगून टाकलं. शकुबाईने तो हात आपल्या हातात घेतला.

"अक्का, मला गाठ लागून सहा म्हैने झाले. आपल्या घरात असलं कुणाला न्हाय, मग मलाच कसं व्हईल, म्हणून मी गप बसले."

फुलाबाईला रडूही येईना. ते सहा महिने आता कुठून आणायचे?

सोमवारी झुंबरने डॉक्टरांपुढं सरुआत्याचे पाय, फुलाबाईचा हात, सगळं न लपवता सांगितलं. डॉक्टरांनी शकुबाईचे दोन्ही हात मोजून लिहून घेतले, फुलाबाईच्या हातावरही उपचार सुरू केले. तिथूनच झुंबरने व्याह्यांना फोन लावला आणि त्यांनाही खरं सांगितलं. "घरात इचारून कळवतो," एवढंच ते म्हणाले. शकुबाईला आत नेलं होतं, आणि झुंबरचं निम्मं लक्ष त्या दाराकडं होतं.

मंडळी, सोयरीक मोडली तर दुसरी जुळते. आपल्या गप्प बसण्यात दुसऱ्याचे गेलेले महिने मात्र परत मिळत नाहीत. आजारात लाज धरण्यासारखं काही नाही. डॉक्टरांनी घरातलं विचारलं, तर लपवून ठेवलेल्या आत्याचे पायसुद्धा सांगा. आणि डॉक्टरांच्या आधी आपल्या बहिणीला सांगा.