मागच्या काचेवरचं नाव

"फुटकं कुणाला देत नसतात," दगडाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर कमरेला खोचला. "भांडं असू दे न्हाईतर गाडी असू दे. काच बसवून आणू, मग ने."

बजरंग अंगणात गाडीच्या मागं उभा होता. चुलता बन्सीधर गेला, त्याच्या दहाव्याला उतरवलेले केस आता कुठं बोटभर वाढले होते, त्यावरून तो सारखा हात फिरवत होता. "काकू, फोडली म्या. मीच बसवतो की. तुमी कशाला परभणीला जायलाय?"

"माझ्या दारात हाय तवर माझी. उद्या तुझी. मग फोड न्हाईतर फुलं वाहा."

बजरंग ओशाळून हसला. चूक त्याचीच होती. गाडी उन्हात तापतेय म्हणून तो ती लिंबाच्या सावलीत घ्यायला गेला, आणि गल्लीत ऊस भरलेली ट्रॉली उभी आहे याचं भान त्याला राहिलं नाही. ट्रॉलीबाहेर हातभर आलेले उसाचे बुडखे थेट मागच्या काचेत घुसले. काच अशी फुटली की तिचे तांदळाएवढे कण झाले आणि भसाभस डिकीवर सांडले. राहिला तो फक्त मधला पट्टा. त्यावर लाल रेडियमची अक्षरं होती आणि अक्षरांवर पारदर्शक कागद चिकटवलेला होता. त्या कागदानं कण धरून ठेवले होते. बजरंगनं वरून चिकटपट्ट्या मारून बाकीच्या भगदाडाला प्लॅस्टिकचा कागद लावला होता.

पट्ट्यावर लिहिलं होतं : शिवकन्या.

दगडाबाईंची लेक शिवकन्या पायरीवर बसून चपलेचा बंद लावत होती. सोनपेठच्या स्टँडवर किरायाच्या गाड्या लागतात, त्यांच्या मागच्या काचांवर पोरांची नावं असतात. एखाद्यावर देवाचं असतं, एखाद्यावर आईबापाची कृपा. पोरीचं नाव एकट्या बन्सीधरच्या गाडीवर होतं. "लेक उद्या सासरी जाईल, मग काय काच खरडणार का?" असं ड्रायव्हर लोक त्याला म्हणत. बन्सीधर तंबाखू मळत म्हणे, "नाव गाडीवर हाय अन् गाडी मह्या दारात हाय. तुमचं काय दुखायलंय?"

लेक सासरी गेली. लातूरला शाळेत शिकवू लागली. नाव गाडीवर राहिलं.

"चल माय," ती उठून म्हणाली. "ऊन व्हायच्या आत पोचू."

दगडाबाई सवयीनं मागचं दार उघडायला गेल्या. मागच्या सीटवर काचेचे कण पसरले होते.

"पुढं बस."

"पुढं गिऱ्हाइक बसतं."

"आज कोण हाय गिऱ्हाइक? बस."

त्या बसल्या. सीटच्या कडेला, परक्याच्या घरी बसावं तशा.

*

गाडी गावाबाहेर पडली. दोन्ही बाजूंना तुटलेला ऊस होता, पाचट पडलेलं होतं. प्लॅस्टिकचा कागद मागं फडफडत होता. दगडाबाई दर थोड्या वेळानं वळून पाहत आणि पुन्हा समोर बघत.

शिवकन्येनं ही गाडी कधी चालवली नव्हती. गाडी चालवायला ती लातूरला शिकली. माहेरी आली की तिचे वडील, अण्णा, स्टँडवर घ्यायला येत, तिची पिशवी डिकीत ठेवत आणि तिला मागच्या सीटवर बसवत. ती म्हणे, "द्या की अण्णा, मी चालवते." ते म्हणत, "तू बस. दमून आलीस." एवढंच. मग घर येईपर्यंत बोलणं नसे. बन्सीधर मुळातच कमी बोलणारा माणूस. बैलजोडी विकून त्यानं ही गाडी घेतली, तीही दुसऱ्याची वापरलेली, आणि पुढं सगळा जन्म लोकांना त्यांच्या कामाला नेण्यात घातला. बाळंतिणी नेल्या, नवऱ्या नेल्या. गावातली तरणी माणसं ऊसतोडीला गेली की मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना डोळ्यांच्या ऑपरेशनला नेलं, आणि पट्टी बांधलेल्या माणसाला हाताला धरून उंबऱ्याच्या आत नेऊन बसवलं. बैलगाडीच्या मागं त्यानं कधी हॉर्न दिला नाही. यापेक्षा त्याच्याबद्दल सांगण्यासारखं गावाला फारसं काही ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी त्याच्या किडन्या गेल्या. मग त्याच गाडीत तो मागच्या सीटवर बसून परभणीला जाऊ लागला आणि गाडी बजरंग चालवू लागला. डायलिसिसला रक्त साफ करून येईपर्यंत बजरंग दवाखान्याच्या आवारात बसून राही. स्वतःची पेरणी त्यानं दुसऱ्याच्या हातून करून घेतली. बन्सीधर गेला तेव्हा मडकंही त्यानंच धरलं.

आणि गावाची रीत अशी की ज्यानं मडकं धरलं, मयताची चालती वस्तू त्याची. बैल असो, बैलगाडी असो. बन्सीधरकडे चालती वस्तू एकच होती.

गोदावरीच्या पुलाच्या अलीकडं मागून एक टेम्पो घाई करू लागला. शिवकन्येला तो दिसेना. आरसा अजून अण्णांच्या उंचीचाच होता; बजरंगनं तो कधी फिरवला नव्हता. तिनं तो हात लावून थोडा खाली वळवला, आणि तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

आरशात तिचं नाव होतं.

सरळ. शि-व-क-न्या. मागून उजेड येत होता, त्यामुळं फुटलेल्या कणांमधून अक्षरं लालभडक पेटल्यासारखी दिसत होती. मागच्या सीटवरून वळून बघितलं तर हे नाव उलटं दिसे. ती नेहमी तेच बघत आली होती. पण उलटं नाव आरशात पडलं की पुन्हा सुलटं होतं, आणि ते फक्त गाडी चालवणाऱ्याला दिसतं.

टेम्पोवाला हॉर्न वाजवत बाजूनं निघून गेला. तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"काय झालं गं?"

"माय, आरशात नाव सरळ दिसायलंय."

दगडाबाईंनी मान पुढं काढली. "कुठं? मला तर झाड दिसायलंय."

"इकडं ये. माझ्या खांद्यापाशी."

त्या लेकीच्या अंगावर रेलल्या आणि आरशात बघत राहिल्या. अक्षरओळख त्यांना फारशी नव्हती, पण हे एक नाव त्या ओळखत. बराच वेळ त्यांचा श्वास शिवकन्येच्या कानाशी लागत राहिला.

"तुझं लगीन झालं तवा मी म्हणलं, आता काढा ते नाव, लोक हसायलेत," त्या हळू म्हणाल्या. "तर म्हणले, 'लोकाला वाचायला न्हाई लिव्हलं. मला दिसतं.' मला वाटलं, मागच्या काचेवरचं ह्यांला पुढून कसं दिसंल? काय बी बोलायलेत." त्या सरळ बसल्या. "मी कवा पुढं बसलेच न्हाई तर."

पुलावरून जाताना दोघींपैकी कुणीच नदीकडं पाहिलं नाही.

*

खाजाभाईचं काचेचं दुकान जिंतूर रोडला होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, आणि भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या काचा. खाजाभाईनं गाडीला एक फेरी मारली, प्लॅस्टिक बाजूला करून आत डोकावलं.

"ऊस ना?"

"कसं ओळखलं?" शिवकन्येनं विचारलं.

"सीझन हाय ताई. कारखाने चालू झाले की मह्या घरात गोड व्हतं." तो हसला, मग दगडाबाईंच्या मोकळ्या कपाळाकडं लक्ष जाऊन थांबला. "माफ करा अम्मा. बोलायची सवय हाय."

"बोल बाबा. कुणी तरी बोलावं."

त्यानं सीटवर, डिकीवर गोणपाट अंथरलं. कण झाडून काढले. मग पट्ट्यापाशी आला. "ह्या नावाचं काय करू? पाडू?"

"तसंच्या तसं निघेल का?" शिवकन्येनं विचारलं.

खाजाभाईनं तिच्याकडं पाहिलं, मग नावाकडं. "तुमीच काय?"

तिनं मान डोलावली.

"बघतो. वादा करत न्हाई."

त्यानं कडेच्या चिकटपट्ट्या पात्यानं कापल्या. खालून वर्तमानपत्राचा जाड थर धरायला सांगितला. शिवकन्येनं दोन्ही हात पसरून कागद धरला. पट्टा सुटला आणि क्षणभर खरोखरच अख्खा तिच्या हातांवर आला, तान्ह्या मुलासारखा जड. मग मधोमध वाकला. कण सरसर करत कागदावरून घरंगळले, काही तिच्या बाहीत गेले, आणि हातात राहिली ती नुसती लाल कातडी, सुरकुतलेली, गुंडाळी होऊ पाहणारी. 'न्या' फाटून अर्धा झाला होता.

"गरमीनं रेडियम कच्चं व्हतं," खाजाभाई म्हणाला. "तुमच्या हाताचं काय न्हाई त्यात."

"राहू द्या," ती म्हणाली. "टाका."

त्यानं लगेच टाकलं नाही. शेडच्या बाजूला एका काचेवर ठेवलं आणि कामाला लागला. चौकटीवरचा जुना काळा डिंक पात्यानं तासून त्याचा पातळ थर ठेवला, पुसून घेतला, नवा डिंक बंदुकीनं गोल फिरवत सोडला. मग म्हणाला, "मह्या भाच्याचं लगीन हाय पाथरीला, हाताखालचा माणूस तिकडं गेला. ताई, एक बाजू धरता का? घाबरू नका. मी म्हणल तवा सोडायची, आधी न्हाई."

काचेला रबरी पकडी लावल्या होत्या. शिवकन्येनं आपली पकड धरली. काच तिला वाटली त्यापेक्षा जड होती, आणि इतकी स्वच्छ की पलीकडं खाजाभाई कपाळावर आठी घालून उभा आहे हेच तेवढं दिसत होतं. "खाली... मह्याकडं... बस." त्यानं तळहातानं कडेकडेनं दाबलं. "सोडा."

तिनं सोडली. काच जागेवर राहिली.

"डिंक धरंस्तोर दुपार व्हईल. आज सगळ्या खिडक्या चार बोटं उघड्या ठिवायच्या. दार आपटायचं न्हाई, आतली हवा काचेला बाहेर ढकलती. गाडी झोपलेल्या लेकरावानी न्या." मग तो शेजारच्या टपरीकडं बोट दाखवून म्हणाला, "तिथं रेडियमवाला हाय. तोवर नाव कापून घ्या."

शिवकन्या आईकडं बघू लागली.

"ज्याची गाडी त्यो टाकील," दगडाबाई म्हणाल्या.

*

दोघी शेडच्या सावलीत बसल्या. दगडाबाईंनी फडक्यातून भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढला, अर्धी भाकरी खाजाभाईलाही दिली. तो ती घेऊन दुकानात गेला.

"माय, एक विचारू?"

"इचार."

"गाडी मी ठिवली तर? बजरंगला मी दुसरी घ्यायला मदत करते."

दगडाबाईंनी फडक्याची गाठ बांधली, पुन्हा सोडली. "तू लातूरला काय करशील तिचं?"

"चालवीन."

"शाळा चालत जायच्या अंतरावर हाय तुझी."

शिवकन्येनं बाहीत अडकलेला काचेचा एक कण काढून बाजूला टाकला.

"मला कळत न्हाई व्हय?" दगडाबाई म्हणाल्या. "मला बी वाटतं, दारात उभी राहू दे. नुसती. पण शिवे, ह्या वर्षभरात त्यांला उचलून गाडीत कुणी बसवलं? वांती झाली तर सीट कुणी धुतली? तू ऐतवारी यायचीस. तुला नोकरी व्हती, मी त्याचं म्हणत न्हाई. बजरंगनं कवा तोंड वाकडं केलं न्हाई. अन् त्यो काही मागत बी न्हाई. मागितली असती तर मी इचार केला असता. न मागणाराला कसं न्हाई म्हणायचं?"

शिवकन्येनं आईच्या हातातलं फडकं घेतलं आणि गाठ बांधून दिली.

निघताना खाजाभाई बाहेर आला. काढून ठेवलेलं नाव वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं ती पुडी शिवकन्येपुढं धरली. तिनं क्षणभर बघितलं आणि नको म्हणून मान हलवली. त्यानं आग्रह केला नाही.

परतीच्या वाटेवर खिडक्या उघड्या होत्या, वारा आत येत होता. पोखर्णीच्या फाट्यापाशी दगडाबाईंनी नरसिंहाच्या दिशेनं हात जोडले. आरशात मागचा रस्ता लांबपर्यंत दिसत होता, धुळीसकट, एखाद्या माणसासकट.

*

बजरंग अंगणात वाट बघत होता. त्यानं काचेला लांबूनच पाहिलं, जवळ जाऊन हात लावला नाही.

"झ्याक बसलीय," तो म्हणाला. मग घुटमळत, "काकू, म्या काय म्हणतो, राहू द्या की दारात. मला लागल तवा घिऊन जाईन."

"दारात ठिवून मला रोज बघत बसायचं न्हाई. ने. किराया कर. गाडी चालली पायजे."

त्यांनी किल्ली दिली. बजरंगनं ती कपाळाला लावली, वाकून त्यांच्या पाया पडला, मग शिवकन्येच्याही पडू लागला. ती मागं सरकली. "अरे, मी लहान हाय तुझ्यापेक्षा."

"असू दे. येताना-जाताना फोन कर. स्टँडवर मी यीन."

"मला दार आपटू नको म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "आजचा दिवस."

"न्हाई आपटत."

तो बसणार तेवढ्यात दगडाबाई म्हणाल्या, "थांब." त्या गाडीच्या मागं गेल्या. डिकी त्यांना उघडता येईना. शिवकन्येनं उघडून दिली. आतून त्यांनी दोर ओढून काढला. कुणाची गाडी काळ्या रानात फसली की बन्सीधर याच दोरानं ती ओढून काढत असे. दोराच्या पिळात वाळलेला चिखल अजून होता.

"काकू, तो लागल की मला," बजरंग म्हणाला. "कुठं अडकलो तर?"

"नवा घे. बैल देतात, दावं देत नसतात."

बजरंग शेतकऱ्याचा पोरगा. त्याला यापुढं काही सांगावं लागलं नाही. जनावर दिलं तरी दावं घरात राहतं, म्हणजे दावणीचं नशीब घरातून जात नाही. हे त्यानं बापाच्या हातानं कित्येकदा पाहिलं होतं. त्यानं मान खाली घातली, हळूच दार ओढून घेतलं आणि गाडी गल्लीतून सावकाश बाहेर नेली. या वेळी दोन्हीकडं नीट बघून.

अंगण एकदम मोठं दिसू लागलं.

"हे धर," दगडाबाई म्हणाल्या. त्यांनी दोराचं एक टोक लेकीच्या हातात दिलं आणि दुसरं आपण घेऊन अंगठ्यावरून कोपराखाली, कोपराखालून अंगठ्यावर असा वेढा घालू लागल्या. घरात जनावर नव्हतं, दावण कधीच बुजली होती, पण हात विसरले नव्हते. दोर लांब होता. चिखलाचे पापुद्रे निघून अंगणात पडत होते. दोर कमी होत गेला तशी शिवकन्या एकेक पाऊल पुढं येत गेली, आणि शेवटी आईच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. वेढे सगळे पुरे झाले होते. टोक तेवढं तिच्या मुठीत होतं.

दगडाबाईंनी ते मागितलं नाही. दोराचा वेढा हातावर तोलत त्या तशाच उभ्या राहिल्या.