ढिली वायर

वायर ढिली नव्हती. हे मी सांगून टाकते, कोणी विचारो न विचारो.

शहापुरात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. हॉर्न, सेल्फ, हेडलाइट, एवढंच काम येतं. तेही गिऱ्हाईक आधी विचारतं, "मिस्त्री कुठंय?" मिस्त्री मीच, म्हटलं की निम्मे लोक पुढच्या दुकानात जातात. अशात कल्याणचा स्वरूप आला. त्याने जुन्या ट्रॅव्हलर गाडीत पलंग, ओटा, फ्रिज बसवून फिरतं घर केलं होतं. शहरातल्या लोकांना माळशेजला न्यायचं, एक मुक्काम घाटावर, दुसरा खाली सापगावला नदीकाठी. पंखे, दिवे, फ्रिज, पाण्याचा पंप, सगळं मागच्या दोन बॅटऱ्यांवर, आणि त्या बॅटऱ्या भरायच्या गाडीच्या अल्टरनेटरवर. घाटापासून सापगावपर्यंत तीन तास इंजिन चाललं की दुसऱ्या रात्रीची सोय झाली. ते काम मी केलं. जाड केबल ओढली, मध्ये चार्जर बसवला, दोन्ही टोकांना फ्यूज टाकले. स्वरूप म्हणाला, "हा सीझन नीट गेला, तर आणखी चार गाड्या तुमच्याकडेच." चार गाड्या! त्या झाल्या असत्या तर मिस्त्री कुठंय, हे विचारायची कोणाची छाती झाली नसती.

ड्रायव्हर हवा होता, तर मीच म्हटलं, आमच्या आबांना घ्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी मुरबाड-कल्याण जीप चालवली, गाडीला ओरखडा नाही. मुरबाडच्या नाक्यावर देवजी ड्रायव्हर म्हटलं की लोक अजून चहा पाजतात. जीप सुटल्यापासून ओटीवर बसून आईच्या कामात खोट काढत होते. म्हटलं, दोघांचीही सुटका होईल.

पहिल्या तिन्ही फेऱ्यांत सापगावला बॅटऱ्या डाऊन. एकदा फ्रिजमधली पापलेटं नासली. एकदा एक बाई डोक्याला साबण लावून बसल्या आणि पंप बंद पडला. स्वरूपने मला बोलावलं. मी सगळं उघडलं, एकेक नट आवळून पाहिला, इंजिन चालू करून मीटर लावला. चार्जिंग ठणठणीत. आबा बाजूला बिडी ओढत होते. "नीट बघ गो," एवढंच बोलले.

चौथ्या फेरीला परतताना मी मीटर घेऊन त्यांच्या शेजारी बसले. मागे पाहुणे होते. माळशेजचा उतार लागला, आबांनी गिअर काढला आणि चावी फिरवली. इंजिन बंद. मीटरचा आकडा शून्यावर. मागून एक बाई म्हणाल्या, "किती शांत आहे ना इकडे!"

"आबा, काय केलंत हे?"

"उतार हाय. उतारावर डिझेल कोण जाळतो?"

"बॅटऱ्या इंजिनावर भरतात. सांगितलं होतं तुमाला."

"घाट तो केवढासा गो. एवढ्यानं काय होतंय?"

घाटच नाही. टोकावड्याच्या पुढचा उतार, चहाची टपरी, किन्हवलीकडचा उतार, जिथं गाडी आपसूक सरकेल तिथं चावी बंद. तीन तासांच्या रस्त्यात इंजिन जेमतेम सव्वा तास चाललं. जीपचे मालक ह्याच हुशारीसाठी त्यांची पाठ थोपटायचे. बंद इंजिनात ब्रेकही जड होतो, म्हटलं, तर म्हणाले, "माझा पाय हाय ना." असा संताप आला, वाटलं तिथंच उतरून चालायला लागावं.

किन्हवली मागे पडल्यावर मी हळूच म्हटलं, "आबा, माझ्या चार गाड्या जातील. तुमीच सांगा स्वरूपला. तो तुमाला काढणार नाय, मी बोलते त्याच्याशी."

त्यांनी पुढच्या वळणावर हॉर्न दिला. मग म्हणाले, "सांगतो."

सापगावला स्वरूप वाट बघत होता. जागेचा मालक गोमा आणि आणखी दोघं-तिघं होते. "काय सापडलं?" स्वरूपने विचारलं. मी आबांकडे पाहिलं.

"वायर ढिली होती," आबा म्हणाले. "पोरीचा हात, जोर कमी पडला. आता आवळलीय तिनं."

गोमा हसला, मग सगळेच हसले. मीटर माझ्या हातातच होता. पण चार माणसांत बापाला खोटं पाडायचं नाही, हे आमच्याकडे पोरींना बाराखडीच्या आधी शिकवतात. आपलेच दात, आपलेच ओठ. मी मान खाली घातली आणि स्वरूपला ती कबुली वाटली.

म्हटलं, एकटे असताना तरी सांगतील. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी मीच फोन करून सगळं सांगितलं. स्वरूप शांतपणे म्हणाला, "ताई, चूक कोणाकडूनही होते. पण देवजीकाकांवर नका ढकलू." चोर सोडून संन्याशाला फाशी! चारही गाड्या कल्याणच्या मिस्त्रीकडे गेल्या.

आबा आता उतारावर इंजिन चालू ठेवतात. त्या दिवसापासून बॅटरी एकदाही डाऊन झाली नाही, आणि तोच माझ्याविरुद्धचा पुरावा झालाय.

परवा जेवताना आईला सांगत होते, "भाविकानं वायर आवळली, तवापासून एक तक्रार नाय." मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही. त्यांना आता ते खरंच वाटतं.

वर माझ्या ताटात अर्धी भाकरी टाकत म्हणाले, "जेव गो. शिकशील हळूहळू."